लिंबवाडीचा पत्रा

सरकारी सभेत खरं काम दोघंच करतात, एक मंडपवाला आणि एक चहावाला. बाकीचे भाषणं करतात. मी तुळजाबाई. परतूरला मोंढ्याच्या मागं माझं मंडप-भोंग्याचं दुकान हाय. नवरा गेला तवा दीर म्हणले, बाईमाणसाचं काम न्हाई हे, विकून टाक. मी म्हणलं, मंडपाची बल्ली काय हात वळखते का, बाईचा का बाप्याचा? तवापासून लग्न म्हणू नका, सप्ता म्हणू नका, पुढाऱ्याची सभा म्हणू नका, सगळीकडं माझ्याच सतरंज्या. लग्नात निदान एक पोरगी उजवते. सप्त्यात माणसं पोटभर जेवतात. सरकारी सभेतून काय निघतं ते मला इचारा, कारण सभा उठल्यावर सतरंज्या मीच झटकते. शेंगांची टरफलं निघतात.

लिंबवाडीचं मात्र आठवलं की अजून डोकं सणकतं. म्हणून सांगते.

उन्हाळ्यात दिल्लीहून फर्मान निघालं, की आता देशाचं नियोजन वरून खाली येणार न्हाई, खालून वर जाणार. गावानं ग्रामसभेत हात वर करून सांगायचं, आम्हाला काय पायजे. ते तालुक्याला जाणार, तिथून जिल्ह्याला, मंग मुंबईला, मंग दिल्लीला. दिल्लीवाले सगळ्या गावांचं मिळून पुस्तक करणार आणि त्या पुस्तकाबरहुकूम देश चालणार. नाव दिलं लोकनियोजन अभियान. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! आमच्या भागातून लिंबवाडीची निवड झाली. काहून? तर तिथपर्यंत डांबरी रस्ता हाय, साहेबाची गाडी जाती. लिंबवाडीच्या पुढच्या गावांना डांबर न्हाई, म्हणून त्यांना मत बी न्हाई. मला त्याच दिवशी कळलं होतं हे कुठवर जाणार. पण मी मंडपवाली. मला कोण इचारतं?

ह्या अभियानाचे आमच्याकडचे मुख्य म्हणजे भालचंद्र सर. जालन्याला कॉलेजात जन्मभर अर्थशास्त्र शिकवलेले, आता निवृत्त. खादीचा झब्बा, बारीक आवाज, समोरचा अडाणी असला तरी 'आपण' म्हणून बोलणारे. माणूस वाईट न्हाई, हे आधीच सांगते. वाईट माणसाला दोन शिव्या घालून मोकळं होता येतं. ह्या चांगल्या माणसांचं काय करावं तेच कळत न्हाई. त्यांच्यासंगं पुण्याच्या कुठल्या कंपनीची गंधाली नावाची पोरगी होती, मांडीवर कम्प्युटर घेऊन. ती गोड बोलायची आणि सगळं टाइप करायची.

ग्रामसभेच्या सकाळी मी लिंबवाडीच्या शाळेपुढं कनाती बांधून राह्यले होते. बांधून राह्यले म्हणजे राधेश्याम बांधत होता, मी ओरडत होते. राधेश्याम माझा गडी. आधी जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये होता, तिथली धग सोसंना म्हणून माझ्याकडं आला. आता माझी सोसतो. तर तितक्यात एक म्हातारा येऊन उभा राह्यला. डोक्याला टोपी, अंगात धुवून धुवून पिवळी पडलेली बंडी.

"बाई, तुमच्याकडं पत्र्याचा मंडप बी असतो का?"

"असतो की. लग्न हाय का घरी?"

"न्हाई. मालकीण आजारी हाय."

"मंग पत्रा कशाला? दवाखान्यात न्या की!" मी फाडकन बोलले. माझं तोंडच तसं.

म्हातारा हसला बिसला न्हाई आणि चिडला बी न्हाई. बल्लीला धरून उभ्याउभ्या त्यानं सांगितलं. नाव कचरू. मागच्या श्रावणात त्याचा धाकटा भाऊ शिवाजी वारला. लिंबवाडीचं स्मशान म्हणजे ओढ्याकाठचं काळं रान, वर आभाळ आणि खाली चिखल, बाकी काही न्हाई. झड लागलेली. लाकडं ओली. डिझेल ओतलं की भडका व्हायचा आणि लगेच विझायचा. अंधार पडला तसे लोक एकेक करून घरी गेले. हा बी गेला, बाकीच्यांनी ओढून नेला.

"सकाळी गेलो तर..." त्यानं बल्लीवरचा हात काढला. मंग म्हणला, "भावावरून कुत्रे हाकलले बाई मी. ह्या हातानं."

राधेश्यामच्या हातातली दोरी तशीच राह्यली.

ते त्याच्या बायकोला कळलं, गोदाबाईला. कोणीतरी चुलीपुढं बसून सांगितलं असंल, गावाला काय, जिभेला हाड न्हाई. आता ती अंथरुणाला खिळलेली, छातीचा भाता झालेला, आणि तिचं एकच म्हणणं, मला अर्धी ठेवू नका. मरणाला भीत न्हाई ती. म्हणती, मरण आलं तर बसायला पाट देईन, पण मला अर्धी ठेवू नका. स्वतःच्या शेतात न्यावं तर शेत ओढ्याच्या पल्याड, श्रावणात ओढा उतरू देत न्हाई. कचरूदादानं सरळ मनानं त्या काळ्या रानात चार खांब रोवून वर जुने पत्रे टाकले होते. तलाठ्यानं काढायला लावले. सरकारी जागेवर अतिक्रमण म्हणे! मढ्याचं अतिक्रमण बघितलंय का कोणी? सरकारी जागेवर सरकारशिवाय कोणी सावली करायची न्हाई, असा कायदा असतो.

"आज सभेत मांडणार हाय मी," कचरूदादा म्हणला. "श्रावणाच्या आत छत झालं पायजे. तिचा काही भरवसा न्हाई आता."

सभा भरली. भालचंद्र सर बोलायला उठले आणि लई चांगलं बोलले, खोटं कशाला बोलू? म्हणले, आजवर दिल्लीतली पाचपंचवीस माणसं कागदावर रेघा मारायची आणि त्या रेघांवर आपलं आयुष्य चालायचं. आजपासून नियोजन आयोग तुम्ही आहात. तुमचा हात हाच देशाचा हात. घाबरू नका, संकोचू नका, मनातलं बोला. माझ्या भोंग्यातून ते सगळ्या गावभर गेलं. म्हशींनी बी ऐकलं.

कचरूदादा उठला. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणला, "स्मशानात छत पायजे."

सरांचा चेहरा फुलला. "वा! ही खरी गरज. कोणी शिकवलेली नाही, आतून आलेली. कचरूरावांच्या मागणीच्या बाजूने कोण कोण आहे? हात वर करा."

कचरूदादानं हात वर केला. आणि बाकी एकानं केला असंल तर माझं नाव बदला.

आता ह्यातली मेख सरांना माहीत न्हाई, मला माहीत. आमच्याकडं म्हणतात, स्मशानाच्या कामात जो पहिला पुढं होतो, त्याचाच नंबर पहिला लागतो. कुठल्याशा गावात एकानं स्मशानाच्या भिंतीसाठी वर्गणी गोळा केली आणि भिंत व्हायच्या आत तोच गेला. कोणत्या गावात, कोण, इचारू नका, कोणालाच सांगता येणार न्हाई. ह्याला कोणी खरं म्हणत न्हाई आणि कोणी खोटं करून दाखवत न्हाई. मागच्या साली शिवाजीच्या सरणापुढं हीच सगळी माणसं चिखलात उभी होती. ज्याच्या त्याच्या घरात एखादं म्हातारं खाटेवर खोकत होतं. छत सगळ्यांना पायजे होतं. पण हात? हात कोणी वर करायचा? बाप्ये आपापल्या चपला बघायला लागले. बायांनी पदर तोंडावर घेतले. एक जण तर शेंग फोडता फोडता थांबला, हात वर झाला असं वाटू नये म्हणून.

"आणखी कोणी?" सर म्हणले. "अहो, संकोच कसला?"

माझा संताप झाला. मी मंडपाच्या खांबाशी उभी होते, तिथूनच दोन्ही हात वर केले. "माझे धरा! दोन्ही धरा! यम माझं काय नेणार हाय!"

सर ओशाळून हसले. "तुळजाबाई, आपलं नाव इथल्या मतदार यादीत नाही ना."

मंग मी त्यांच्याजवळ गेले आणि कानात सांगितलं काय भानगड हाय ती. म्हणलं, सर, ह्यांना घरोघर जाऊन हळूच इचारा, एक बी न्हाई म्हणायचा न्हाई. सरांनी मान हलवली. "नाही, तुळजाबाई. चारचौघांत, निर्भयपणे हात वर करणं हाच तर लोकशाहीचा गाभा आहे. अंधश्रद्धेला आपण शरण जायचं नाही." गंधाली म्हणली, "आणि व्हिडिओमध्ये हात दिसावे लागतात, मावशी. वर पाठवायचाय." घ्या! गावाला यमाची भीती आणि सरांना तत्त्वाची, आणि त्या दोघांच्या मधी गोदाबाई. मला त्या घडीला दोन्हींचा सारखाच राग आला, गावाचा बी आणि सरांचा बी. एकाला अक्कल न्हाई आणि दुसऱ्याला जास्त झालेली.

तेवढ्यात सरपंच उठला. आदिनाथ नाव, पांढरे बूट, दोन फोन. म्हणला, गावात खुली व्यायामशाळा पायजे. लोखंडाच्या सायकली, चक्र, झोके, तसलं. "हात वर!" अहो, काय हात वर झाले! गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्यांनी केले, कडेवर लेकरं घेतलेल्या बायांनी केले, मघाच्या शेंगावाल्यानं मूठभर शेंगांसकट केला. दिवसभर कापसात वाकून वाकून ज्यांचे मणके वाजतात, त्यांना म्हणे व्यायाम कमी पडतोय. पण व्यायामाला हात वर केला तर कोणी मरत न्हाई ना. गंधालीनं व्हिडिओ काढला. सगळ्यांचे हात झकास आले.

सभा उठल्यावर कचरूदादा सरांपुढं जाऊन उभा राह्यला. सरांना वाईट वाटलं होतं, दिसत होतं. म्हणले, "कचरूराव, लोकशाहीत एका मतालाही किंमत असते. आपलं मत वाया जाणार नाही, मी ते दिल्लीपर्यंत पोचवतो." गंधालीनं कम्प्युटर उघडला. त्यात नऊ विषय होते म्हणे, आणि गावाची मागणी कुठल्या तरी एकात बसायला पायजे. पाणी होतं, आरोग्य होतं, महिला होत्या, बालकं होती, हिरवं गाव होतं. मरण नव्हतं. तिनं वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. देशाच्या नियोजनात कोणी मरतच न्हाई! शेवटी म्हणली, "सर, ज्येष्ठ नागरिक सुविधेत टाकू का? ठिकाण स्मशानभूमी लिहिते." सर म्हणले, टाका.

कचरूदादानं हात जोडले. घरी जाऊन त्यानं गोदाबाईला सांगितलं, दिल्लीला गेलंय तुझं. मला हे त्यानंच नंतर सांगितलं. बाजाराच्या दिवशी परतूरला आला की तो दुकानावर यायचा, पायरीवर बसायचा. "सर काही बोलले का? आलं का वरून?" मी म्हणायचे, येईल, येईल. त्यानं स्वतःच्या पत्र्याचं पुन्हा काढलं तर सरपंच म्हणला, आता वर प्रस्ताव गेलाय, मधी काही करू नको, त्यानं अडचण येती. म्हणजे आधी सरकार नव्हतं म्हणून छत न्हाई आणि आता सरकार येणार म्हणून छत न्हाई.

आषाढ सरता सरता तो आला तो पायरीवर बसला न्हाई. उभ्यानंच म्हणला, "आलं, बाई."

"आलं? बघा, मी म्हणलं न्हवतं!"

"बाकडं आलं."

मला आधी उमगंना. सिमेंटचं बाकडं. ज्येष्ठ नागरिक सुविधा, ठिकाण स्मशानभूमी. तर ओढ्याच्या काठी, त्या काळ्या रानात, उघड्या आभाळाखाली एक बाकडं आणून ठेवलं होतं. पाठीवर निळ्या अक्षरात लिहिलेलं, ज्येष्ठ नागरिक विसावा. मला हसू फुटलं हो, खरंच फुटलं, आणि कचरूदादाच्या तोंडाकडं बघून तसंच घशात अडकलं.

"तिला काय सांगू?" तो म्हणला. "ती रोज इचारती."

आता ह्याच्यावर कळस ऐका. दिल्लीला ते बाकडं लई आवडलं. एका म्हाताऱ्याच्या एका मतातून गावाला सुविधा मिळाली, ह्याच्यापेक्षा खालून वर काय असतं? तर दिल्लीचे मोठे साहेब खुद्द लिंबवाडीला येणार, लोकांशी हितगुज करणार, बाकड्याचं लोकार्पण करणार आणि कचरूदादाला शाल-नारळ देणार. मला निरोप आला, श्रावण हाय, साहेब भिजायला नकोत, पत्र्याचा मंडप टाका. सोफे आणा. भोंगे चांगले आणा.

मी गेले. धंदा हाय माझा. शाळेच्या मैदानावर राधेश्यामनं आणि दोन गड्यांनी पत्रे चढवले. झड लागलेलीच होती, आभाळ पार खाली आलेलं. सकाळी सकाळी राधेश्याम पाणी आणायला गावात गेल्ता, तो रिकामी कळशी घेऊन परत आला.

"काकू, कचरूबाबाच्या घरी रडारड हाय. म्हातारी गेली."

मी खुर्चीवर बसले. तेवढ्यात सरपंच आदिनाथ माझ्याकडं आला, आवाज एकदम खाली. "बाई, आत्ताच कोणाला बोलू नका. पाहुणे जेवण करून जाऊ द्या, मंग नेऊ तिला. मी कचरूबाबाला सांगितलंय. फक्त दोन मिनिटं येऊन शाल घेऊन जा म्हणलं, चेहरा जरा पुसून ये."

अरे, चेहरा पुसून ये? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते, मढ्यापुढं शाल पांघरणारा पहिल्यांदा बघितला. मी त्याला काय बोलले ते इथं सांगत न्हाई.

गाड्या आल्या. साहेब आले, सर आले, गंधाली आली. सगळं गाव माझ्या पत्र्याखाली येऊन बसलं, कोरडं ठाक. सगळ्यांना ठाऊक होतं गोदाबाई गेली ते. एक जण उठला न्हाई. सरकारी सभा सोडून मयतीला गेलं तर नाव कटंल, कशातून कटंल कोणाला माहीत न्हाई, पण कटंल. साहेब हिंदीत बोलायला लागले, सर मराठी करून सांगायला लागले. जनता मालक हाय, आम्ही नोकर. ह्या गावानं देशाला दाखवून दिलं.

मी मागं बल्लीजवळ होते. कचरूदादा आला तो स्टेजकडं न्हाईच गेला, माझ्याकडं आला. डोक्यापासून निथळत होता.

"बाई, हे पत्रे सभेला किती वेळ लागतील?"

"काहून, दादा?"

"ह्यांचं झालं की मला द्या. दोनच द्या. मीच वाहून नेतो." मंग खालच्या आवाजात म्हणला, "दुपारनंतर ओढा चढतो. मंग ती जागाच पाण्यात जाती. मी तिला शब्द दिल्ता."

मी वर बघितलं. माझेच पत्रे. पुढच्या रांगेत साहेब सोफ्यावर पाय पसरून बसलेले, सोफा बी माझाच. आणि त्याच वेळेला सर भोंग्यातून म्हणले, "आता मी आदरणीय कचरूरावांना विनंती करतो, की त्यांनी सत्कारासाठी..."

भोंगा बी माझाच होता. मी सरळ स्टेजवर चढले आणि सरांच्या हातातून माईक घेतला. सर चांगले माणूस, त्यांनी दिला बी.

"कचरूदादाची मालकीण सकाळी गेली," मी म्हणलं. "तुम्हाला सगळ्यांना माहीत हाय. ती कोरडी जळावी म्हणून ह्या माणसानं तुमच्यापुढं हात वर केल्ता आणि तुम्ही चपला बघत बसले. आता हे पत्रे मी घेऊन चालले. ज्याला भिजायचं न्हाई त्यानं शाळेच्या व्हरांड्यात पळावं. ज्याला थोडीफार लाज असंल त्यानं एक पत्रा उचलावा. राधेश्याम, सोड रे दोऱ्या!"

"बाई, काय करून राह्यल्या तुम्ही! पोलिसांत देईन!" आदिनाथ ओरडला. राधेश्याम माझ्याकडं बघत बी न्हवता, तो वर चढून दोऱ्या सोडत होता. पहिला पत्रा सरकला आणि त्याच्यावर साचलेलं पाणी धबाककन पुढच्या सोफ्यावर आलं. साहेब उठले. असे उठले की काय सांगू, जनतेचे नोकर जनतेला तुडवत गाडीत जाऊन बसले.

आणि गाव? गाव तसंच बसून. पाऊस डोक्यावर, तरी बसून. मी म्हणलं, जळो, मी आणि राधेश्याम नेऊ काय नेता येईल ते. मंग बायांच्या घोळक्यातून एक म्हातारी उठली. उन्हाळ्यात पदर तोंडावर घेतलेल्यांतलीच. तिनं पदर कमरेला खोचला आणि पत्र्याचं एक टोक उचललं. आमच्याकडं बाया स्मशानात जात न्हाईत. तिला एकटीला पत्रा वढताना बघून तिचा लेक उठला, मंग त्याच्या शेजारचा. मंग सगळेच उठले. लाज बी साथीसारखी असती, एकाला लागली की पसरती.

तिरडी पुढं आणि पत्रे मागं, अशी ती मयत निघाली. ओढ्याकाठी बाकडं भिजत होतं. त्याचा उपयोग झाला, खोटं न्हाई बोलायचं, सुकी लाकडं त्याच्याखाली ठेवता आली. सरण रचलं. पण मंडपाचे आणलेले पाईप त्या चिखलात उभे राहीनात, रोवले की कलायचे. वारं तसलं. राधेश्यामनं माझ्याकडं बघितलं. मंग कोणी सांगितलं न्हाई का इचारलं न्हाई. माणसांनी पत्रे डोक्यावर उचलले आणि सरणाच्या चारी बाजूंनी हात वर करून धरले.

कचरूदादानं अग्नी दिला. पत्र्यावर पाऊस तडतड वाजत होता आणि खाली धूर कोंडलेला. हात भाजायला लागले की मागचा पुढं यायचा, पुढचा मागं जायचा. शेंगावाला होता, गुडघेवाले होते, बाया होत्या. भालचंद्र सर झब्बा चिकटून माझ्यासमोरच उभे होते, पत्र्याचं टोक धरून. एक बी हात खाली न्हवता.

मला राहवलं न्हाई. मी धुरातून ओरडले, "सर, मोजा आता! बाजूनं कोण कोण हाय ते मोजा!"

सरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, धुराचं असंल न्हाईतर कशाचं. गंधाली लांब छत्रीत उभी राहून व्हिडिओ काढत होती.

ओढा चढायच्या आत गोदाबाई पूर्ण झाली. पाणी लागायच्या आत कचरूदादानं राख सावडून घेतली आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं सरळ परतूरला दुकानावर आला. पायरीवर बसला. "काही राह्यलं न्हाई बाई," म्हणला, "पांढरी फटक राख. मी तिला दिलेला शब्द राह्यला." आणि मंग इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो रडला. मी त्याला चहा दिला आणि आत जाऊन उगीच सतरंज्यांच्या घड्या घातल्या.

मरणाची गोष्ट इथंच संपली असती. पण नियोजन संपत न्हाई ना.

दिवाळी झाल्यावर भालचंद्र सर दुकानावर आले. काखेत जाडजूड गुळगुळीत पुस्तक. देशाचं. मी त्यांना खुर्ची दिली. पुस्तकाच्या वरच्या पानावर फोटो होता, नुसते हात. काळे, राखेनं माखलेले, बांगड्यांचे, बिनबांगड्यांचे, सगळे वर. पत्रा वरून कापून टाकलेला, सरण खालून कापून टाकलेलं. खाली मोठ्या अक्षरात, लोकसहभाग. शेंगावाल्याचा हात मी वळखला. माझा बी होता एका कोपऱ्यात, मतदार यादीत नाव नसताना.

"लिंबवाडीचं छत कुठंय ह्याच्यात?" मी इचारलं.

सरांनी पान काढलं आणि स्वतःच वाचून दाखवलं, बारीक आवाजात. गावानं स्मशानभूमीचा प्रश्न लोकसहभागातून सोडवला हाय, सबब वेगळ्या छताची गरज न्हाई. व्यायामशाळा मंजूर.

चहा आला. सरांनी कप हातात धरला, तोंडाला लावला न्हाई. पिकलेला माणूस, बघवंना.

"मी हरकत घेतली होती, तुळजाबाई," ते म्हणले. "लेखी घेतली. बैठकीत उभं राहून बोललो. पण सगळ्यांत माझं एकट्याचंच मत होतं."

"एकट्याचं होतं का?" मी म्हणलं. "मंग काळजी करू नका, सर. तुम्हाला बी बाकडं येईल."